रिकामी दिसणारी पट्टी: इंदूरच्या डिश, कॅमेरा आणि वाय-फायवाल्यांना खुले पत्र

इंदुरात डिश, कॅमेरे आणि वाय-फाय बसवण्याच्या धंद्यात असलेल्या समस्त मराठी मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

पत्र जाहीर लिहितोय, कारण एकेकाला गाठून सांगायला गेलो की चहा होतो, पोहे होतात आणि विषय राहून जातो. शिवाय गेल्या गणपतीत मंडपामागे जो वाद झाला तो दहा जणांसमोर झाला. तेव्हा उत्तरही दहा जणांसमोर द्यावं.

ज्यांनी तो तमाशा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आरतीचं चित्र रस्त्यापलीकडच्या पडद्यावर न्यायचं होतं. वाय-फाय गर्दीत गुदमरत होतं, प्रत्येकाच्या खिशात मोबाइल. तेव्हा आपल्यातल्याच एका पोराने पिशवीतून व्हिडिओ सेंडर काढला, म्हणजे चित्र बिनतारी पाठवणारा डबा, १.२ गिगाहर्ट्झवाला, बिनबिलाचा. (नाव लिहीत नाही. पोरगा कामाचा आहे.) बटण दाबत दाबत चॅनल वर नेला आणि म्हणाला, "काका, इथे वर तर एकदम सन्नाटा आहे. पट्टी रिकामी पडलीये." मी नाही म्हणालो आणि रस्त्यावरून केबल ओढायला लावली. तो चिडला. त्याचं म्हणणं, रिकाम्या प्लॉटवर दोन तास गाडी लावली तर कोणाच्या बापाचं काय जातं?

बरोबर बोलला. प्लॉट रिकामा असता तर काहीच गेलं नसतं.

पट्टी म्हणजे रेडिओ लहरींच्या वारंवारतेचा एक तुकडा. १,४०० ते १,४२७ मेगाहर्ट्झ ही पट्टी सन्नाट्याची आहे, कारण ती मुद्दाम तशी राखली आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमावलीत ५.३४० क्रमांकाची तळटीप आहे. तिच्यात ज्या मोजक्या पट्ट्या आहेत त्यांत ही येते, आणि तिथला नियम एका ओळीचा आहे: इथे कोणतंही प्रक्षेपण करण्यास मनाई. कमी पॉवरने करा, परवाना काढून करा, रात्री करा, असलं काही नाही. मनाई म्हणजे मनाई. लष्करालाही नाही, टीव्हीलाही नाही, मोबाइल कंपनीलाही नाही.

ही पट्टी पहिल्यांदा राखली गेली ती आकाशवाल्यांसाठी. हायड्रोजनचा अणू १,४२०.४ मेगाहर्ट्झवर स्वतःहून बारीकसा आवाज देतो. १९५१ साली तो पहिल्यांदा पकडला गेला. आपल्या नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ह्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या उभ्या आहेत, त्या हाच आवाज ऐकतात. शाळेच्या सहली जातात तिकडे, फाटकाशी मोबाइल बंद करायला लावतात, ते ह्याच जातीच्या कारणासाठी. पण मला आज आकाशाबद्दल बोलायचं नाही. मला मातीबद्दल बोलायचं आहे, कारण ह्याच पट्टीत माती बोलते.

हे ऐकून मीही हसलो होतो. पण भौतिकशास्त्र सरळ आहे. ज्या वस्तूला काही तापमान आहे ती प्रत्येक वस्तू रेडिओ लहरी सोडते. भिंत सोडते, म्हैस सोडते, तुम्ही-आम्ही सोडतो आणि शेतातली माती सोडते. ह्या कुजबुजीचा जोर केल्विनमध्ये मोजतात. कोरडं सपाट शेत २७० केल्विनच्या आसपास बोलतं. तेच चिंब भिजलं की २०० च्याही खाली जाऊ शकतं.

का, ते आपल्या भाषेत सांगतो. केबल ७५ ओमची आणि जोड भलताच असला की सिग्नल पुढे न जाता मागे फिरतो. मिसमॅच. मातीचंही तसंच आहे. कोरड्या मातीचा डायइलेक्ट्रिक आकडा तीन-चार, हवेचा एक. फार मिसमॅच नाही, त्यामुळे आतली लहर सुखाने बाहेर येते. पाण्याचा आकडा ८० च्या आसपास. माती भिजली की तिचा आकडा चढतो, वेशीवरच लहर मागे फिरते आणि बाहेर कमी येते. ओली माती हळू बोलते, कोरडी मोठ्याने. एवढंच लक्षात ठेवा, पुढचं सगळं ह्यावर उभं आहे.

२१ सेंटिमीटरची लहर, म्हणजे साधारण एक वीत. ढगातून जाते, सोयाबीनच्या पानांतून बऱ्यापैकी जाते आणि जमिनीच्या वरच्या पाचेक सेंटिमीटरचा हाल सांगते. त्यासाठी युरोपियन अंतराळ संस्थेने २ नोव्हेंबर २००९ रोजी स्मॉस नावाचा उपग्रह सोडला, तीन हातांवर ६९ छोटे रिसीव्हर बसवलेला. त्यानंतर ३१ जानेवारी २०१५ ला नासाचा स्मॅप गेला. त्याला सहा मीटरची जाळीदार थाळी, आणि ६८५ किलोमीटर उंचीवर ती गरगर फिरत असते. त्याचं रडार त्याच वर्षी जुलैत बंद पडलं, पण ऐकणारा भाग चालू राहिला. दोघेही पहाटे सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास डोक्यावरून जातात. पहाटे सहा म्हणजे आपल्याकडे पोह्यांच्या ठेल्यावर पहिली वाफ निघते तेव्हा. त्या वेळी माती, पानं, हवा सगळ्यांचं तापमान जवळपास सारखं असतं, हिशेब सोपा जातो.

स्मॉसने ऐकायला सुरुवात केली तेव्हा काय निघालं? युरोप, पश्चिम आशिया, चीन आणि आपलाही भाग गोंगाटाने भरलेला. मनाईच्या पट्टीत! शेजारच्या पट्टीतली रडारं सांडत होती, कोणी टीव्हीचे दुवे टाकले होते, कोणी बिनतारी कॅमेरे. मग त्या मंडळींनी नवाच उद्योग सुरू केला. उपग्रहावरूनच गोंगाटाची जागा काही किलोमीटरच्या आत हेरायची आणि त्या त्या देशाच्या रेडिओ खात्याला पत्र पाठवायचं. असे शेकडो स्रोत पुढे बंद झाले. म्हणजे जमिनीवर कोणी विचारत नाही म्हणून आपण निर्धास्त असतो, आणि वरून आपल्या मोहल्ल्याचे अक्षांश-रेखांश टिपले जात असतात.

आता तुम्ही म्हणाल, रडार ठीक आहे, लष्कर ठीक आहे, आमच्या डिशचा ह्यात काय संबंध? मीही हेच म्हणालो होतो. डिश तर फक्त घेते, सोडत काही नाही.

पावसाळ्याच्या तोंडाला सुदामा नगरातल्या एका चार मजली इमारतीतून बोलावणं आलं. तक्रार वाय-फायची होती. शाफ्टचं दार उघडलं तर आत मल्टीस्विच, एका डिशचा सिग्नल अनेक घरांना वाटणारा डबा. कोणी कधी बसवला ठाऊक नाही, पण बसवताना हात आपल्याच कोणाचा असणार, किंवा माझाच. आठ आउटपुट. दोनांत केबल, सहा मोकळे, तोंड वासून. त्यातल्या एकातून पालीची शेपटी लोंबत होती. हात लावला तर डबा कोमट. ॲडॉप्टर चालू, बारा महिने चोवीस तास, डिशच्या तोंडाशी बसणाऱ्या एलएनबीला वीज पोहोचवत. वर गच्चीवरून येणाऱ्या केबलला मध्ये जोड, तोही कसा, तर तार तारेला पिळून वर काळी टेप. शेजारी एक लाइन ॲम्प्लिफायर, बिचारा ज्या फ्लॅटसाठी लावला होता तो फ्लॅट केव्हाच ओटीटीवर गेलेला.

माझ्याकडे लॅपटॉपला लावायचा एसडीआर डोंगल असतो, कुठल्या पट्टीत किती सिग्नल आहे त्याचा आलेख पडद्यावर काढणारा, काही हजारांत मिळतो, १.७ गिगाहर्ट्झपर्यंत दाखवतो. सहज लावला. १,४०० पासून पुढे चांगली चपटी टेकडी. जोडाजवळ अँटेना नेली की टेकडी वर, लांब नेली की खाली. मग ॲडॉप्टरचं बटण बंद केलं. टेकडी गेली. चालू केलं, आली. तीन वेळा करून पाहिलं आणि तिथेच पायरीवर बसलो.

कारण गणित आपल्याला पाठ आहे, फक्त त्या नजरेने कधी पाहिलं नव्हतं. आकाशातून डिशवर येतं ते ११-१२ गिगाहर्ट्झवर. तेवढ्या वरचा सिग्नल केबलमधून खाली आणता येत नाही, म्हणून एलएनबी तो खाली उतरवतो, ९५० ते २,१५० मेगाहर्ट्झमध्ये. समजा, वरून ११,१७० ला आला. एलएनबीचा ऑसिलेटर ९,७५०. वजा करा. १,४२०. ट्रान्सपाँडरची, म्हणजे उपग्रहावरच्या त्या एका प्रक्षेपकाची, रुंदी धरली की सन्नाट्याच्या पट्टीचा मोठा भाग त्यात गेला. केबल नीट असेल तर तो आतल्या आत राहतो, तारेभोवतीची जाळी त्याला बाहेर पडू देत नाही. पण पिळलेला जोड म्हणजे जाळीला पाडलेलं भगदाड, आणि मोकळा पोर्ट म्हणजे उघडा नळ. मध्ये ॲम्प्लिफायर असला तर नळाला वरून पंप. आपण घेतो, सोडत नाही, ही समजूत त्या पायरीवर संपली.

आणि हे इंदूरच्या एका शाफ्टपुरतं नाही. जपानात उपग्रह-टीव्हीच्या घरगुती जोडण्यांतल्या गळतीने ह्याच पट्टीत एवढा गोंगाट झाला की तो उपग्रहांच्या नकाशांत उठून दिसला. जपानात! जिथे स्क्रूसुद्धा मोजून आवळतात असं आपण समजतो.

एका पिळलेल्या जोडाने काय होणार, असं वाटतंय ना? म्हणून मी वहीवर हिशेब मांडला. सोपाच आहे, आपण लिंक बजेट काढतो, म्हणजे इथून सोडलेली पॉवर तिथे किती पोहोचेल ते, तसाच, फक्त अंतर मोठं. मातीची संपूर्ण कुजबुज उपग्रहाच्या अँटेनात किती पडते? २७ मेगाहर्ट्झच्या रुंदीत वॉटचा दहा लाख कोटीवा भाग. आता स्मॅपच्या थाळीचा गेन साधारण ३६ डीबी, तिरपं अंतर साडेआठशे किलोमीटरच्या पुढे. मोजमापात पाच केल्विनची खोट पाडायला जमिनीवरून वरच्या दिशेने किती पॉवर हवी? उत्तर आलं एक मिलिवॉटच्या आसपास. मी दोनदा तपासलं. आपल्या घरच्या राउटरची पॉवर त्याच्या कितीतरी पट असते. एका जोडातून मिलिवॉट निघणार नाही, त्याच्यापेक्षा फार कमी निघेल. पण ह्या शहरात असे जोड किती आहेत हे तुम्हाला मला विचारायची गरज नाही. आपणच पिळलेत.

इथे अजून एक गोम आहे. स्मॅपचा एक ठिपका साधारण ४० किलोमीटरचा असतो. इंदूरपासून देवासपर्यंतचं अंतर तेवढंच. म्हणजे आपल्या शहराच्या गच्च्या आणि सांवेर-देपालपूरची शेतं एकाच ठिपक्यात मिसळून मोजली जातात. आपण राजवाड्यामागे सांडलं तरी ते सांवेरच्या मातीच्या खात्यात जमा होतं.

आणि जमा कसं होतं? उलटं. गोंगाट मिसळला की आकडा वाढतो. वाढलेला आकडा म्हणजे मोठ्याने बोलणारी माती. मोठ्याने बोलणारी माती म्हणजे कोरडी. ओली जमीन कागदावर कोरडी होते. पाच केल्विन म्हणजे ओलीच्या मोजणीत दोन-तीन टक्क्यांचा फरक, आणि पीक उभं असेल तर जास्तच, कारण पानं मातीचा आवाज आधीच दाबतात. स्मॅपचं स्वतःचं उद्दिष्ट आहे चुकीला चार टक्क्यांच्या आत ठेवायचं. त्यातले दोन-तीन आपणच खाल्ले तर त्याने काय मोजायचं?

तुमच्यातला हुशार माणूस विचारेल, गोंगाट ओळखून गाळता येत नाही का? येतो. स्मॉसचा धडा घेऊन स्मॅपमध्ये त्याची सोयच केली आहे. पट्टीचे १६ तुकडे करतात आणि प्रत्येकाचा स्वभाव तपासतात. निसर्गाचा गोंगाट एका ठराविक प्रकारे पसरतो, कर्टोसिस नावाचं माप आहे, ते तिथे ३ येतं. रडारचे ठोके आले की माप ढळतं आणि तो तुकडा फेकून देतात. जोरदार चोर सापडतो.

मी बरीच वर्षं साउंडचंही काम केलं आहे, अमीर खाँसाहेबांच्या गावात राहून ते न करून कसं चालेल. मैफलीत माइकची शिट्टी वाजली की गवयापासून चहावाल्यापर्यंत सगळे माझ्याकडे बघतात, मी फेडर खाली ओढतो, विषय संपतो. पण अर्थिंग बिघडून बारीकसा हम आला तर? कोणी वळून बघत नाही. तंबोऱ्याच्या खाली तो बसून राहतो, अख्खं रेकॉर्डिंग होतं, आणि घरी गेल्यावर कळतं की षड्जच मळलाय. डिशची गळती त्या हमसारखी. डिजिटल सिग्नल मुळात गोंगाटासारखाच दिसतो, त्यात हजार ठिकाणची गळती एकमेकांत मिसळली की तिचं माप फिरून ३ च्या जवळ येतं. निसर्गाच्या वेशात आत शिरते. रडारवाल्यापेक्षा आपण जास्त छुपे आहोत, आणि हा काही मान नाही.

माझा मामेभाऊ सांवेरकडे सोयाबीन करतो. ऑगस्टमध्ये गेलो होतो. काळ्या मातीला वरून भेगा, बोट जाईल एवढ्या. त्याने खुरपं मारलं, वीतभर खाली माती अजून गार होती, हातात वळत होती. "वरून बघणाऱ्याला काय दिसणार?" म्हणाला. त्याचा प्रश्न रास्त होता आणि त्याला मी खरं ते सांगितलं: वरचे पाच सेंटिमीटर. दोन दिवसांनी सर पडली, पण ती त्याच्या शेतात पडली आणि नाल्यापलीकडच्या शेतात नाही. मालव्याचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. चाळीस किलोमीटरचा ठिपका म्हणजे असल्या हजार शेतांची सरासरी. त्यामुळे नकाशा आणि भेग जुळली नाही तर खापर लगेच आपल्या केबलींवर फोडायला मी बसलेलो नाही.

पण ती सरासरी कामाची आहे. दुष्काळ जाहीर करण्याची केंद्राची २०१६ ची नियमावली आहे, तिच्यात पाऊस, पेरा, उपग्रहावरून दिसणारं पिकाचं हिरवेपण, जलसाठे यांच्याबरोबर मातीतली ओलही मोजली जाते. पूर किती येईल ह्याचा अंदाज बांधणाऱ्यांना आधी माती किती भरली आहे ते लागतं. भरलेली माती कोरडी धरली तर पुराचा अंदाज कमी येतो. मामेभावाला ह्यातलं कोणी सांगायला जात नाही. त्याला नंतर फक्त निकाल कळतो.

आता त्या सेंडरकडे येतो, कारण पोरगा म्हणेल की तो तर १.२ चा होता, १.४ चा नव्हताच. बेटा, तेही बघू. पहिलं म्हणजे तो तू वर वर नेत होतास, आणि असले बिनबिलाचे डबे लिहिलेल्या जागी गप्प बसत नाहीत. दुसरं, १.२ तरी रिकामं कुठे आहे? ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून निसार गेला. इस्रो आणि नासाचा जोडीचा उपग्रह, १२ मीटरची थाळी, दर बारा दिवसांनी तीच जागा पुन्हा बघतो. त्याचा एक डोळा एस बँडचा (बँड म्हणजे पट्टीच), तो अहमदाबादच्या केंद्राने बनवला. दुसरा एल बँडचा, नासाचा, आणि तो १,२५७ मेगाहर्ट्झवर आहे. तुझ्या सेंडरच्या मांडीवरच. निसार नुसता ऐकत नाही, स्वतः हाक मारतो आणि प्रतिध्वनी ऐकतो, त्यामुळे मनाईची पट्टी त्याला नाही, तिथे रडारं आणि जीपीएसची भावंडंही नांदतात. पण ७४७ किलोमीटर वर परतलेला प्रतिध्वनी किती बारीक असेल त्याचा विचार कर. त्यात तुझी आरती मिसळली की चित्रावर पांढरा पट्टा.

वाय-फायवाल्यांनी हसू नये, तुमची पाळी आली. खंडवा रोड, उज्जैन रोडकडच्या फार्महाउसांना आपण ५ गिगाहर्ट्झच्या लिंका देतो. २०१८ च्या अधिसूचनेने ५,१५० ते ५,३५० आणि ५,४७० ते ५,८७५ मेगाहर्ट्झ बिनपरवाना खुले केले. मधला तुकडा, ५,३५० ते ५,४७०, सोडला. तो विसरून सोडलेला नाही. युरोपचा सेंटिनेल-१ ५,४०५ वर बघतो, आपला ईओएस-०४ त्याच सी बँडमध्ये काम करतो. जुलै-ऑगस्टमध्ये मालव्यावर ढग बसलेले असतात, साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला सोयाबीन दिसतच नाही. दिसतं ते फक्त रडारवाल्यांना. आणि आपण काय करतो? लिंक लागत नाही म्हटलं की सेटिंगमध्ये देश बदलतो, नाहीतर 'कम्प्लायन्स टेस्ट' निवडतो, सगळे चॅनल उघडतात, मधला तुकडा एकदम स्वच्छ दिसतो आणि आपण स्वतःवर खूश. मी हे केलं आहे. दोन ठिकाणी. दोन्ही ठिकाणी जाऊन परत बदललं, एका ठिकाणी स्पीड कमी झाला म्हणून शिव्या खाल्ल्या आणि शेवटी खांब चार फूट वाढवून दिला, पदरच्या पैशाने.

मोबाइलवाल्यांचं वेगळं भांडण आहे. २३.६ ते २४ गिगाहर्ट्झ ही हवेतल्या वाफेची पट्टी, तिच्या शेजारी ५जीची २६ गिगाहर्ट्झवाली पट्टी आहे. २०१९ च्या जागतिक परिषदेत किती सांडायचं ह्यावर घनघोर झालं आणि १ सप्टेंबर २०२७ नंतरच्या उपकरणांना जास्त कडक मर्यादा ठरली. ते त्यांचं त्यांना लखलाभ. आपल्या हातात पाना आणि क्रिम्पर आहे, तेवढंच बोलू.

पिळणं बंद करा. कृपा करून. एफ कनेक्टर काही रुपयांना येतो, दाबायचं हत्यार एकदा घेतलं की दहा वर्षं जातं. स्प्लिटर आणि मल्टीस्विचचे मोकळे पोर्ट ७५ ओमच्या टर्मिनेटरने बंद करा. ती एवढीशी टोपी आपण बिलात लावतो आणि लावायला विसरतो, हे मला माहीत आहे कारण मी विसरायचो. एकेरी जाळीची केबल घेऊ नका, गिऱ्हाइकाला दुहेरी-तिहेरीचा भाव सांगताना लाजू नका. लाइन ॲम्प्लिफायर लावण्याआधी जोड तपासा, दहातल्या आठ वेळा दोष जोडाचाच असतो आणि आपण गळक्या नळाला पंप लावून येतो. आणि फ्लॅट ओटीटीवर गेला असेल तर जुना ॲडॉप्टर बंद करून या. त्याचे पैसे मिळत नाहीत हे मान्य. वीज मात्र त्या सोसायटीची वाचते, हे सेक्रेटरीला सांगा, तो दोन मिनिटांत तयार होतो. मातीबिती त्याला सांगू नका, वेळ जाईल.

जेल रोडवरच्या दुकानदार भियांना वेगळी विनंती. तो सेंडर तुम्ही 'सगळीकडे चालतो' म्हणून विकता. चालतो, हीच तर अडचण आहे. डब्यावर पट्टी छापलेली नसेल आणि मंजुरीचा शिक्का नसेल तर तो ठेवू नका. राष्ट्रीय वारंवारता वाटप योजना म्हणून सरकारी पुस्तक आहे, त्याची प्रत इंटरनेटवर फुकट मिळते. दुकानात तिचं एल बँडचं पान छापून लावलंत तर अर्धी भांडणं काउंटरवरच मिटतील. २०२३ चा दूरसंचार कायदाही आहे, पण कायद्याने घाबरवायला मी बसलेलो नाही. घाबरून लावलेला टर्मिनेटर सहा महिन्यांत निघतो.

सुदामा नगरातल्या त्या मल्टीस्विचचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो. मी ॲडॉप्टर काढला, चिठ्ठी चिकटवली आणि घरी आलो. संध्याकाळी साडेसातला तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचा फोन. त्यांची मालिका गेली होती. दोनांतली एक केबल त्यांची होती. दुसऱ्या दिवशी जाऊन दोन्ही घरांना गच्चीवरून सरळ एकेक केबल टाकून दिली, मध्ये जोड नाही, टोकाला दाबून बसवलेले कनेक्टर, आणि डोंगल लावून आजींना दाखवलं की टेकडी गेली. त्यांनी चष्म्यातून लॅपटॉपकडे पाहिलं, मग टीव्हीकडे, आणि विचारलं, "ह्याचे वेगळे पैसे आहेत का?"

मल्टीस्विच दुकानात ठेवलाय, पालीसकट नाही. डोंगलही आहे. आपापल्या गच्चीवरची टेकडी ज्याला बघायची असेल त्याने रविवारी सकाळी यावं, लॅपटॉप मी देईन. आणि तू, मंडपवाल्या पोरा, तोही सेंडर घेऊन ये. लावून बघू तो खरंच कुठे कुठे बोलतो ते.

आपला,
जेल रोडच्या मागल्या गल्लीतला एक जुना डिशवाला